जाहीररावांचा आवाज बसला तेव्हा

जाहीररावांचं खरं नाव नगरपालिकेच्या हजेरीपटावर होतं आणि तिथेच पडून होतं. गावात कुणी त्यांना त्या नावाने हाक मारलीच असती, तर कुणाला बोलावताहेत म्हणून त्यांनी स्वतःच मागे वळून पाहिलं असतं. नगरपालिकेची ती पांढरी गाडी, तिच्या टपावर दोन दिशांना तोंडं केलेले दोन भोंगे, आत ड्रायव्हरच्या शेजारी मांडीवर माइक घेऊन बसलेले हे, आणि कुठलीही बातमी असली तरी सुरुवात ठरलेली: "सर्व नागरिकांना जाहीर करण्यात येते की..." नळाला पाणी येणार नाही, जाहीर. पाणी येणार आहे पण गढूळ आहे, जाहीर. बाजारात कुणाचे तरी आजोबा चुकले आहेत, अंगात निळा स्वेटर आहे आणि ते चिडलेले आहेत, हेसुद्धा जाहीर. मग लोकांनी त्यांना दुसरं काय म्हणायचं?

आवाज मात्र खरोखरच दैवी होता. भरदार, खर्जातला, शब्दाशब्दाला इस्त्री केलेला. नोकरीला लागले तेव्हा ते पाइपलाइनच्या गँगमध्ये होते. एकदा कुठल्याशा सभेला माइकवाला आला नाही, आणि समोर दिसले म्हणून साहेबांनी यांना पुढे ढकललं. यांनी नुसतं "हॅलो, हॅलो, माइक तपासणी" म्हटलं, तर अर्धं सभागृह उभं राहिलं. लोकांना वाटलं, प्रमुख पाहुणे आले. दुसऱ्या दिवसापासून यांच्या हातातला पाना गेला आणि माइक आला.

एवढा आवाज बाहेर खर्च होत असल्यामुळे घरी शिल्लक फार थोडी राहायची. जी राहायची तीही सरकारी. संध्याकाळी घरी येऊन ते विचारायचे, "चहा उपलब्ध आहे का?"

"उपलब्ध नाही," बायको म्हणायची, "केला तर मिळेल. बसा."

बायको म्हणजे शिवणबाई. बाजाराचा रस्ता जिथे खालच्या आळीकडे उतरायला लागतो, तिथे वळणावरच तिचं शिवणाचं दुकान होतं. लग्नाआधी जाहीरराव तिथे शर्टाची बटणं लावून घ्यायला येत. येत राहिले. शेवटी शर्टाला तुटण्यासारखं एकही बटण उरलं नाही, तेव्हा एके दिवशी उभ्या उभ्या म्हणाले, "विवाहाच्या संदर्भात माझ्या बाजूने हरकत नाही." शिवणबाईने मशीनचं पायडल थांबवलं आणि म्हणाली, "हरकत नाही म्हणजे काय? मी आवडते की नाही ते सांगा. माझ्या हातात दुसऱ्याचा कोट आहे." त्यांनी मान हलवली. तेवढ्यावर संसार झाला, मुलगी झाली, तिचं लग्न होऊन ती दुसऱ्या गावी गेली, आणि घरात बोलण्याचं खातं कायमचं बाईंकडे राहिलं.

त्या वर्षी उन्हाळा नुकताच कुठे लागत होता. स्वेटर धुऊन ट्रंकेत गेले होते, पंखे पुसून सुरू झाले होते. खालच्या आळीला लागून वाहणारा ओढा इतका बारीक झाला होता, की मांजरसुद्धा पाय न भिजवता पलीकडे जायचं. आणि अशा दिवसांत हवामान खात्याचा इशारा आला: विजांच्या कडकडाटासह वादळी पाऊस, गारपीट, सखल भागात पूर येण्याची शक्यता.

आपत्ती विभागाला नव्याने आलेल्या मॅडम तरुण होत्या, कामाला वाघ होत्या आणि दोन फोन दोन कानांना लावून बोलायच्या. त्यांनी जाहीररावांना बोलावून घेतलं. "काका, यलो अलर्ट आहे. खालची आळी विशेष करून. नीट समजावून सांगा."

जाहीररावांनी छाती भरून समजावलं. "सर्व नागरिकांना जाहीर करण्यात येते की, मेघगर्जनेसह मुसळधार पर्जन्यवृष्टी संभवते, तरी सखल भागातील रहिवाशांनी सतर्क राहावे." वर आभाळ धुतलेल्या ताटासारखं स्वच्छ. ऊन असं की गाडीचं दार उघडताना हात भाजत होता. खालच्या आळीतली मंडळी बेकरीसमोरच्या बाकावर वारा घेत बसली होती. त्यांनी हात कपाळावर धरून आभाळाकडे पाहिलं, मग जाहीररावांकडे पाहिलं, आणि बेकरीवाला म्हणाला, "जाहीरराव, पर्जन्यवृष्टी म्हणजे पाऊसच ना? का आणखी काही वेगळं येणार आहे?"

त्या दिवशी काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑरेंज अलर्ट लागला. सगळ्यांचे मोबाइल एकदम किंचाळले, बेकरीवाल्याच्या हातून पावाचा ट्रे पडला आणि त्याने त्याचाही राग जाहीररावांवर काढला. यांनी पुन्हा फेरी मारली, कालच्यापेक्षा वरच्या पट्टीत. संध्याकाळी ढग जमले, गडगडले, आणि अगदी मोजून मापून एवढा पाऊस पडला की गाड्यांवरच्या धुळीचे ठिपके ठिपके झाले. बस.

"तुमच्या पावसाने आमचा पत्रासुद्धा भिजला नाही," बाकावरून आवाज आला. "उलट गाडी धुवायला लागली. त्याचं काही जाहीर करता का?"

सगळे हसले. गाडीतला ड्रायव्हरही हसला, फक्त त्याने तोंड दुसरीकडे केलं. जाहीररावांना ते फार लागलं. पाण्याची, वीज जाण्याची घोषणा कधी खोटी ठरली नव्हती. लोक त्यांच्या आवाजावर बादल्या भरून ठेवत, मेणबत्त्या काढून ठेवत. आणि आज त्याच आवाजाला लोक दात काढत होते. मग त्यांनी हट्टाने आळीत आणखी दोन चकरा मारल्या, ओरडून ओरडून घसा सुकवला, आणि उतरताना बेकरीतूनच बर्फाचं थंडगार सरबत घेऊन घटाघट प्यायले.

सकाळी उठले ते आवाज न घेताच.

"अगं" म्हणायला तोंड उघडलं आणि आतून दाराची बिजागरी करकरावी तसं काहीतरी निघालं. शिवणबाईने वळून पाहिलं. "काय म्हणालात?" त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. या वेळी तेही निघालं नाही. बाईंनी मिठाच्या गुळण्या करायला लावल्या, गळ्याला मफलर गुंडाळला आणि एवढ्या उन्हात मफलर घातलेला माणूस असा तो कार्यालयात जाऊन उभा राहिला.

आणि नेमका त्याच दिवशी रेड अलर्ट!

मॅडमनी दोन्ही फोन खाली ठेवले. जाहीररावांनी घशाकडे बोट केलं, मान हलवली, हात जोडले. मॅडमना आधी वाटलं, हे राजीनामा देताहेत. समजलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "असू दे. वरून रेकॉर्ड केलेला संदेश आला आहे, तोच लावू. तुम्ही फक्त गाडीत बसा. तुम्हाला बघून तरी लोकांना कळेल."

तर त्या दुपारी गाडी उतरावरून खाली निघाली. भोंग्यातून एका अनोळखी बाईचा आवाज येत होता, अगदी गोड, लिफ्टमध्ये मजला सांगतात तसला. "अतिवृष्टीमुळे जलपातळीत वाढ होण्याची शक्यता नाकारता येत नाही. कृपया सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे." मग एक बीप, आणि पुन्हा तेच. जाहीरराव खिडकीतून बाहेर बघत मख्ख बसले होते. आपल्या खुर्चीत दुसरं कुणी बसलं आणि आपल्यालाच चहा आणायला सांगितला, असं त्यांना झालं होतं.

बाकावरची मंडळी जागची हलली नाहीत. "नाकारता येत नाही, तर मग स्वीकारून टाका म्हणावं!" बेकरीवाला ओरडला. "आणि जाहीरराव, तुम्हाला कामावरून काढलं की काय?"

जाहीररावांनी काहीतरी उत्तर दिलं. ओठ हललेले सगळ्यांना दिसले.

आळीच्या टोकाला पोहोचेपर्यंत मात्र आभाळ बदललं. डोंगराच्या बाजूने काळं-जांभळं काहीतरी चढत आलं, वारा एकाएकी थांबला, आणि चिमण्या गप्प झाल्या. ड्रायव्हरच्या फोनवर मॅडम होत्या. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा खूप शांत होता, आणि त्यानेच ड्रायव्हर घाबरला. वर डोंगरात ढग फुटला होता. ओढ्याच्या वरच्या पुलावरून पाणी गेलं होतं. ते खाली यायला फार वेळ लागणार नव्हता.

"काका, आता काय करायचं?" ड्रायव्हरने विचारलं. वरून तो गोड आवाज शक्यता नाकारता येत नाही म्हणतच होता.

जाहीररावांनी वळणाकडे, दुकानाकडे बोट दाखवलं.

शिवणबाई थर्मासमध्ये गरम पाणी भरून दारातच उभी होती. ते त्यांच्याकडे पोहोचवायचं कसं, याचा विचार करत होती. गाडी आल्यावर ती खिडकीशी गेली, थर्मास आत दिला, आणि ड्रायव्हरकडून सगळं ऐकलं. मग तिने भोंग्याकडे वर बघून थोडा वेळ तो संदेश ऐकला.

"ही कोण बाई?"

"रेकॉर्ड आहे, काकू."

"हिला गप्प करा." तिने दार उघडलं, नवऱ्याला खांद्याने पलीकडे सरकवलं आणि शेजारी बसली. "ह्याचं बटण कुठलं?"

जाहीररावांचा हात माइकवर होता. तो एकदम सुटला नाही. इतक्या वर्षांत तो माइक त्यांनी ड्रायव्हरलासुद्धा पुसायला दिला नव्हता. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, पण मागितला नाही, नुसती थांबली. मग त्यांनी स्वतःच बटण दाबून दाखवलं आणि माइक तिच्या तोंडापुढे धरला.

"ऐका गं, ऐका रे!" भोंगे असे कडाडले की दुकानातली कात्री टेबलावरून खाली पडली. "मी शिवणबाई बोलतेय. हो, मीच! ह्यांचा आवाज बसलाय, माझा चांगला उभा आहे. डोंगरात ढग फुटलाय. पाणी निघालंय, आणि ते तुमच्याकडे येतंय. माझं दुकान वर आहे, मला तुम्हाला हाकलून काही मिळायचं नाही. दारं उघडा आणि शाळेकडे चला!"

बाकावरची मंडळी उभी राहिली. उभी राहिली, पण चालायला लागली नाहीत. गाडी त्यांच्यासमोर येऊन थांबली.

"बेकरीवाले! हसताय काय? तुमच्या दोन्ही पँटी मी आत्ताच कमरेला सैल करून दिल्यात. त्या कमरेनिशी तुम्हाला खिडकीतून निघता यायचं नाही. दारातून निघा, दार कोरडं आहे तोवर! भट्टी विझवा, वहिनींना घ्या, आणि वहिनी, ते पाव इथेच कशाला ठेवताय? शाळेत माणसं उपाशी बसणार आहेत का? टोपल्यांसकट चला!"

बेकरीवाल्याचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं आणि पाय मात्र आत पळाले.

"नर्सबाई, ड्युटीवरून येऊन झोपला असाल, उठा. तुमच्या सासूबाईंना चढ चढायला वेळ लागतो, त्यांना आधी बाहेर काढा. सासूबाई, कपाटाच्या किल्ल्या शोधत बसू नका, त्या तुमच्या परकराच्या खिशात आहेत. तो खिसा मीच शिवलाय! लग्नाचा कोट टाकून गेलेले चिरंजीव, कुठे आहात? कोट माझ्याकडे सुखरूप आहे. नवरदेव सुखरूप राहिला तर त्याचा उपयोग! गॅस बंद करा. म्हातारी माणसं घ्या, पोरं घ्या, मांजरं घ्या. टीव्ही राहू द्या. टीव्हीला पोहायला शिकवत बसू नका!"

कुठेतरी एक कडी वाजली. मग दुसरी. मग सगळ्या आळीत कड्या, कुलपं आणि हाका यांचा एकच गलका झाला. माणसं उशा, पिशव्या, पिंजऱ्यातला पोपट, कशाकशाला कवटाळून चढ चढायला लागली. आणि गंमत अशी की त्या घाईतही ज्याचं त्याचं लक्ष भोंग्याकडे होतं. आपल्याबद्दल चारचौघांत काय बोललं जातंय, याची धास्ती पुरापेक्षा मोठी होती. काहीजण तर आपलं नाव निघायच्या आतच शाळेत पोहोचले.

जाहीरराव माइक धरून बसले होते. आधी त्यांना लाज वाटली. ना कुठे 'करण्यात येते', ना 'नागरिकांनी'. पँटी काय, परकराचा खिसा काय! मग मनात आलं: आयुष्यभर आपण बोललो तेव्हा लोकांनी ऐकलं. ही बोलतेय तर लोक चालताहेत. आणि मग नर्सबाईंच्या सासूबाई खरोखरच सगळ्यांच्या पुढे काठी टेकत निघालेल्या त्यांना दिसल्या, आणि ते हसायलाच लागले. आवाज नसल्यामुळे ते हसणं नुसतं खांद्यांतून हललं.

"हात हलवू नका," बायको म्हणाली. तेही भोंग्यातून सगळ्या गावाला ऐकू गेलं.

तेवढ्यात पहिली वीज पडली. डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं, आणि पाठोपाठ गारा आल्या. गाडीच्या टपावर कुणी खडी ओततंय असा आवाज. आळी जवळजवळ रिकामी झाली होती. फक्त ओढ्याकाठच्या शेवटच्या घरात दिवा दिसत होता. तिथे घड्याळवाले आजोबा राहत. खाली दुकान, मागे खोली, आणि सोबतीला भिंतभर घड्याळं.

"घड्याळवाले आजोबा!" बाईंनी हाक दिली. "तुम्ही राहिलात!"

खिडकीची एक फळी उघडली. "मी येत नाही," आजोबा आतून म्हणाले. "लोकांची घड्याळं माझ्या भरवशावर आहेत. पाणी येईल आणि जाईल. जा तुम्ही." फळी बंद.

शिवणबाईने माइक पुन्हा तोंडाशी ओढला. आजोबा वर्षानुवर्षं तोच एक कोट घालत. त्यांनी तिच्याकडे कधी टाका घालायलासुद्धा काही दिलं नव्हतं. त्यांचं माप तिला ठाऊक नव्हतं. "आता ह्यांना काय म्हणू?" ती माइक खाली करून म्हणाली.

जाहीररावांनी माइक तिच्या मांडीवर ठेवला, मफलर डोक्यावरून घेतला आणि गारांत उतरले.

आत गेले तेव्हा आजोबा घड्याळं वरच्या फळीवर चढवत होते. "आता तुम्ही आलात का समजवायला?" ते म्हणाले. जाहीररावांनी बोलायचा प्रयत्न केला. आजोबांनी कानामागे हात धरला. एकाला बोलता येत नव्हतं, दुसऱ्याला तसंही कमी ऐकू यायचं. "काय? काय म्हणालात?" असं बराच वेळ चाललं. शेवटी जाहीररावांनी नाद सोडला. कोपऱ्यातलं गिऱ्हाइकाचं स्टूल ओढलं, त्यावर बसले आणि हाताची घडी घातली.

आजोबा एक घड्याळ पुसत राहिले. मग हात थांबला. "बसलात कशाला? जा ना."

जाहीररावांनी नकारार्थी मान हलवली.

"मी निघेपर्यंत बसणार?"

होकारार्थी मान.

"इतकी वर्षं तुमचं ऐकत आलोय. नळ गेला तरी अर्धा तास बोलता. आज काहीच जाहीर करायचं नाही?"

जाहीरराव त्यांच्याकडे नुसते बघत राहिले. भिंतीवरच्या घड्याळांची टिकटिक तेवढी ऐकू येत होती, प्रत्येकाची वेळ वेगळी. आजोबांनी त्यांचा चेहरा नीट निरखला. मग हातातलं फडकं हळूच खाली ठेवलं.

"तुम्ही गप्प बसलात," ते म्हणाले, "म्हणजे खरंच काहीतरी येतंय."

त्याच वेळी बाहेरून भोंगा कडाडला. "अहो आजोबा, माझा नवरा आत आहे! तो मला एकच आहे! आणि तुम्ही असेपर्यंत तो उठायचा नाही, मी ओळखते त्याला. दारातल्या तुमच्या चपला तरंगायला लागल्यात, बघा!"

खरंच तरंगत होत्या. तपकिरी पाण्याची एक पातळ जीभ उंबऱ्यावरून आत आली होती आणि चपलांची जोडी दोन होड्यांसारखी स्टुलाकडे निघाली होती. मग दोघांनी जी घाई केली! पलंगावरची चादर खेचली, तिच्यात हाताला येतील तेवढी घड्याळं टाकली, गाठ मारली. एक बाजू जाहीररावांनी धरली, एक आजोबांनी. बाहेर आले तर पाणी पोटरीला लागत होतं आणि ओढ्याकडून मालगाडी येताना येतो तसा घरघराट येत होता. ड्रायव्हरने गाडी उलटीच चढावर घेतली. त्या गाठोड्यातलं एक गजराचं घड्याळ शाळेपर्यंत सारखं वाजत होतं आणि ते बंद करायची कुणाला सोय नव्हती.

पाणी आलं ते भिंतीसारखं आलं. शाळेच्या व्हरांड्यात उभं राहून सगळ्या आळीने ते पाहिलं. बाक गेला. बेकरीचं अर्धं शटर आत वाकलं. ओढ्याकाठची एक भिंत बसली, ती आजोबांच्या मागच्या खोलीची. तिथे पलंग होता. आजोबांनी ते पाहिलं. जाहीररावांच्या बाहीला त्यांनी जे धरलं ते खूप वेळ सोडलं नाही. कुणी रडत होतं, कुणी पोरांवर उगाच ओरडत होतं. नर्सबाईंनी एकेकाला मोजल्यासारखं पाहून घेतलं, आणि कुणीही राहिलेलं नाही हे सांगितलं, तेव्हा बेकरीवाला एकदम खाली बसला. मग उठून त्याने पावाच्या टोपल्या उघडल्या. संध्याकाळी पाऊस थांबला. पोरं अंगणातल्या गारा वेचून दप्तरांत भरत होती.

त्यानंतरचे दिवस चिखल काढण्यात गेले, आणि ते दिवस जाहीररावांना जड गेले. दुकानात येणारा प्रत्येक माणूस शिवणबाईचं कौतुक करत होता, आणि हे कोपऱ्यात मफलर गुंडाळून बसलेले. ड्रायव्हरने तर नक्कल बसवली होती: "टीव्हीला पोहायला शिकवत बसू नका!" लोक पोट धरून हसत. मुलीचा फोन आला, तोही आईसाठी. कुणीतरी व्हिडिओ पाठवला होता. "आई, काय बोललीस गं!" ती ओरडत होती. "बाबा कसे आहेत?" हे शेवटी. बाबांनी फोनमध्ये खोकून दाखवलं.

आठवडाभराने मॅडम दुकानात आल्या. त्यांच्या एका कानाला फोन होता, दुसरा मोकळा होता, म्हणजे काम महत्त्वाचं होतं. "काकू, पुढच्या वेळी तुम्हीच बोला. मी वर विचारून ठेवलंय."

"आणि ह्यांनी काय करायचं?"

मॅडम गडबडल्या. हा विचार त्यांनी केला नव्हता. जाहीररावांनी घसा साफ केला. आवाज परत येत होता, पण अजून खरखरीत होता. "मी माइक धरेन," ते म्हणाले.

ते ऐकून शिवणबाईने मशीन थांबवलं. त्या तीन शब्दांत कुठेही सरकारी कागद नव्हता, आणि म्हणूनच तिला ते सहन झालं नाही. "माइक तुम्ही धरा आणि सुरुवातही तुम्हीच करा," ती म्हणाली. "तुमचा आवाज आला की माणसं खिडकीपर्यंत येतात. माझा आला तर लोक म्हणतील, बाजारात भांडण लागलंय. खिडकीपर्यंत तुम्ही आणा, तिथून दाराबाहेर मी काढते. मॅडम, आणि दुकानात गिऱ्हाईक असलं तर मी येणार नाही, हे आत्ताच सांगते."

"पूर आला तरी?"

"पूर आला तर गिऱ्हाईक कसं येईल?"

मॅडमना हे पटलं. निदान त्यांनी मोकळ्या कानाला दुसरा फोन लावला.

उन्हाळा भरात आला आणि पुन्हा एकदा मोबाइल किंचाळले. रेड अलर्ट. गाडी निघाली, जाहीररावांनी भरल्या आवाजात "सर्व नागरिकांना जाहीर करण्यात येते की" म्हटलं, शिवणबाई शेजारी पदर खोचून तयार बसली. आळीत पोहोचतात तो आळी रिकामी! घराघराला कुलपं. मंडळी कधीच शाळेत जाऊन बसली होती. म्हणजे शाळेच्या बाहेर बसली होती, कारण शाळेला कुलूप होतं. किल्ली ज्या शिपायाकडे होती तो घरी आंघोळीला गेला होता आणि अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत त्याला बाहेर बोलावावं की नाही, यावर वाद चालला होता. बेकरीवाला या खेपेला सगळ्यांत आधी आलेला. पायऱ्यांवर त्याने टोपल्या मांडल्या होत्या.

"आम्ही आलो!" तो गाडीला ओरडून म्हणाला. "आता तुमचं काय राहिलंय?"

शिवणबाईने तयार करून आणलेलं सगळं बोलणं गिळलं. फार जड गेलं तिला.

आणि त्या दिवशी पाऊस आला नाही. ढग आले, गावावर थोडा वेळ रेंगाळले आणि पुढच्या गावाला निघून गेले. दिवस मावळेपर्यंत वाट पाहून लोक चटया गुंडाळत, कुरकुरत, पोपटाचा पिंजरा सावरत खाली उतरायला लागले. घड्याळवाले आजोबा शर्टाचं तुटलेलं बटण खिशातून काढून शिवणबाईला दाखवत होते, कधी लावून मिळेल म्हणून. बेकरीवाल्याने गाडीच्या खिडकीत डोकं घातलं.

"फुकट चढावर चढवलंत. उद्या काय?"

जाहीररावांनी आभाळाकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"उद्या पुन्हा चढा," ते म्हणाले. "तुमच्या पँटी परत कमरेला घट्ट करून घ्याव्या लागतील."

शिवणबाई इतकी हसली की तिच्या हातातलं आजोबांचं बटण गाडीत कुठेतरी पडलं, आणि अंधार व्हायच्या आत सगळ्यांना वाकून ते शोधावं लागलं.